शीळवाला लुडोल्फ

खाणीत शीळ घालायची नाही, हा आमच्या आंद्रेआसबेर्ग या चांदीच्या खाणींच्या गावातला जुना नियम. डोंगराच्या पोटात जो म्हातारा राहतो त्याला शीळ खपत नाही, चिडला की तो दगड ढिले करतो, असं खाणीतली माणसं मानायची. ज्यांचा म्हाताऱ्यावर विश्वास नव्हता तेही नियम पाळायचे. उगाच परीक्षा कशाला बघा! लुडोल्फ एंगेलकेला मात्र या नियमाचा फार जाच व्हायचा. पोरगा जन्माला आला तोच शीळ घालत, असं त्याची आई सांगायची. पाळी संपवून तो सॅमसन खाणीच्या दारातून बाहेर पडला, की दिवसभर तोंडात कोंडून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर यायचं. जत्रेतले नाच, बँडच्या चाली, काय वाट्टेल ते. चर्चमधली भजनंसुद्धा त्याच्या ओठांवर आली की नाचायला लागायची. उतारावरच्या गल्लीतल्या बायका त्याची शीळ ऐकून बटाटे चुलीवर चढवायच्या.

त्याच गल्लीत बार्टोल्ड हुंडेशागेनचं घर होतं. बार्टोल्ड पूर्वी खाणीतच होता. दगडाच्या धुळीनं छाती धरली, तेव्हापासून घरी बसून कॅनरी पाळायचा. तसे आमच्याकडे घरोघरी कॅनरी. नवरा खाली दगड फोडतो, बायकापोरं वर पक्षी वाढवतात, हिवाळ्यात लाकडाचे चिमुकले पिंजरे करतात, आणि फिरते व्यापारी पाठीवर पिंजऱ्यांची उतरंड बांधून पक्षी पार समुद्रापलीकडे नेतात. पण बार्टोल्डच्या पक्ष्यांची बात वेगळी होती. त्याचे नर चोच जेमतेम उघडून, गळ्यातल्या गळ्यात, खर्जात गायचे. असा गळा शिकवावा लागतो. पानं गळायच्या दिवसांत तरुण नरांना अंधाऱ्या कपाटात ठेवायचं, शेजारी एक मुरलेला गुरुपक्षी ठेवायचा, आणि घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. त्या दिवसांत कानावर पडेल ते त्यांच्या गळ्यात कायमचं बसतं.

आणि नेमका त्याच दिवसांत रोज खिडकीखालून लुडोल्फ जायचा.

एक दिवस पाळी सुटली तेव्हा खाणीच्या दारात बार्टोल्ड उभा. हातात फडक्यानं झाकलेला पिंजरा.

"एंगेलकेचा लुडोल्फ कोण तुमच्यात?"

"मीच, काका."

बार्टोल्डनं फडकं काढलं. आत डोक्यावर करडा ठिपका असलेला एक पिवळा पक्षी होता. त्यानं एवढी माणसं बघितली, मान ताणली, चोच चांगली वासली आणि उन्हाळ्यातल्या जत्रेतल्या नाचाची पहिली ओळ खणखणीत म्हणून दाखवली. अंगावर चिखल घेऊन उभी असलेली सगळी पाळी पोट धरून हसली.

"हसा," बार्टोल्ड म्हणाला. "माझी वर्षाची मेहनत आहे ती. बाकीचे वाचले, हा एक कामातून गेला. घे. तुझंच पोर आहे, तूच पोस."

"काका, मला काय कल्पना तुमच्या खिडकीत—"

"आता आली ना कल्पना? उद्यापासून वरच्या वाटेनं जायचं."

लुडोल्फ पिंजरा घेऊन त्या दिवशीच वरच्या, लांबच्या वाटेनं घरी गेला. आईनं कपाळाला हात लावला. "खाणारी तोंडं कमी होती म्हणून आणलंस का हे?" असं म्हणत तिनं पक्ष्याला उकडलेलं अंडं कुस्करून घातलं. लुडोल्फच्या ताटात बटाटेच.

रविवारी चर्च सुटल्यावर दार वाजलं. दारात बार्टोल्डची मुलगी, डोरेटे. अंगानं बारीक, पण बोलण्याला धार.

"पक्षी बघायला आले. मी हातानं भरवलाय त्याला. त्याची आई टाकून बसली होती." असं म्हणून ती सरळ आत शिरली. पाण्याची वाटी अस्वच्छ होती, पिंजरा वाऱ्यात टांगला होता, बी जुनं होतं. लुडोल्फनं वाटी घासली आणि पिंजरा ती सांगेल तिथे हलवला.

पुढच्या रविवारी ती पुन्हा आली. त्याच्या पुढच्याही.

"आज काय बघायचंय?" लुडोल्फनं विचारलं.

"नखं."

"गेल्या रविवारी नखंच बघितलीस."

"वाढतात ती," डोरेटे म्हणाली, आणि तिला हसू आवरेना.

ही गोष्ट बार्टोल्डच्या कानावर जायला वेळ लागला नाही. "तू पक्षी बघायला जातेस का पक्ष्याचा मास्तर?" त्यानं मुलीला विचारलं.

"दोघांचीही निगा नीट नाही, बाबा."

म्हाताऱ्यानं लुडोल्फला घरी बोलावलं आणि एकच अट घातली: या घरात यायचं तर शीळ उंबऱ्याबाहेर ठेवायची. लुडोल्फनं कबूल केलं. पण सवय कुठे जाणार? ओठ दाबून बसला की तीच हवा नाकातून, छातीतून गुणगुण होऊन निघायची. एकदा तो कॉफी पिता पिता असाच गुणगुणत होता आणि बार्टोल्डनं अचानक हात वर केला.

"चुकलं, काका."

"थांबू नकोस. हा खर्ज आहे. हा चालेल." आणि पक्ष्यांच्या कपाटाचं दार बोटभर उघडून तो पुन्हा खुर्चीत बसला.

पुढच्या वसंतात दोघांचं लग्न झालं. करड्या ठिपक्याचा पक्षी लुडोल्फच्या आईनं स्वतःकडे ठेवून घेतला. तिला त्याच्याशिवाय करमत नव्हतं.

लुडोल्फचं काम खाणीच्या अगदी तळाशी. तिथे पोचायला शिडी नव्हे, तर 'कला' होती. आमच्याकडे त्या यंत्राला हेच नाव आहे. विहिरीसारख्या खोल शाफ्टमध्ये जाड तारांचे दोन दोर सोडलेले, दोघांनाही अंतराअंतरावर पायऱ्या बांधलेल्या. वरची पाणचक्की फिरली की एक दोर वर जातो, दुसरा खाली, मग उलट. खाली जाणारी पायरी थांबली की शेजारच्या पायरीवर पाय टाकायचा, ती खाली जाऊ लागते. ती थांबली की परत इकडे. असं चालत चालत माणूस डोंगराच्या तळाला पोचतो. लुडोल्फच्या पायांना ते इतकं अंगवळणी पडलं होतं, की घरच्या जिन्यावरही तो पाय ठेवून क्षणभर थांबायचा, जणू पायरी आपणहून वर नेईल. डोरेटे मागून ढोसायची, "चल, ही जागची हलणार नाही."

लग्नानंतर एकदा दगडातल्या चांदीच्या शिरेमध्ये पोकळी लागली. दिवा आत धरला तर बोटाएवढे पांढरे स्फटिक चारी बाजूंनी उभे, आणि त्यांच्या मुळाशी डाळिंबाच्या दाण्यांसारखी तांबडी चांदी. खनिज असं तांबडं असतं. चांदी त्यातून भट्टीत निघते. लुडोल्फनं मुकादमाला विचारून सुपारीएवढा एक तुकडा डोरेटेसाठी आणला. तिनं तो कौतुकानं खिडकीत ठेवला. येणारीजाणारी बघून गेली. पण दिवस जाऊ लागले तसा दगडाचा रंग उतरत गेला, आणि उन्हाळा संपायच्या आत तो काळपट, मेलेल्या कोळशासारखा झाला.

"कुणीतरी तुला फसवलंय," डोरेटे म्हणाली.

"नाही गं. त्याला उजेड सोसत नाही. जगाच्या सुरुवातीपासून अंधारात होता तो."

"मग वर आणलास कशाला बिचाऱ्याला?"

लुडोल्फनं पुन्हा कधी दगड आणला नाही. आणायची वेळ आली तर आळंबी आणली, नाहीतर जंगलातल्या रासबेरी.

मुलगी झाली, लीना. बार्टोल्ड गेला. पक्ष्यांची खोली डोरेटेकडे आली आणि पहिल्यापेक्षा मोठी झाली. लीना लग्न होऊन क्लाउस्टालला गेली. आणि या सगळ्या वर्षांत खाली शीर बारीक होत होती.

मुकादम फ्रोमहोल्ड ते हातांनी दाखवायचा. दोन्ही तळवे जोडून, मध्ये पोकळी ठेवून. "हा आपला डोंगर. ही एक मोठी भेग या बाजूनं, ही दुसरी त्या बाजूनं. चांदी आहे ती या ओंजळीत. ओंजळीबाहेर कितीही खणा, नुसता पाटीचा दगड." मग तळवे हळूहळू मिटवायचा. "आणि खाली ओंजळ संपत आली." शेवटी शेवटी शीर इतकी बारीक झाली की तिच्यात धड सुरीचं पातंही शिरेना. त्यात बाहेर परदेशातली चांदी मातीमोल भावानं येत होती. आमच्या पूर्वजांना इथल्या काउंटांनी, म्हणजे सरदारांनी, सवलती देऊन सॅक्सनीतून इथे आणलं, त्याला चारशे वर्षं होत आली होती. कुणालाच वाटलं नव्हतं की आपल्याच पिढीत दार लागेल. पण लागलं. शेवटच्या पाळीच्या दिवशी बँड वाजला, सगळे काळ्या पोशाखात चर्चमध्ये गेले, पाद्रीबाबांनी रुमालानं डोळे पुसले. लुडोल्फचे डोळे कोरडेच होते. त्याला एवढंच वाटत राहिलं, की उद्या सकाळी आपले पाय काय करणार?

त्याचा जोडीदार विल्केन रूरच्या कोळशाच्या खाणीत गेला आणि नाताळला नवा कोट घालून परत आला. "चल तिकडे," त्यानं लुडोल्फला गळ घातली. "खोल्या आहेत, काम आहे, थिएटर आहे. इथे काय आहे आता?"

डोरेटे पक्ष्यांना बी घालत होती. तिनं मान न वळवता विचारलं, "तिथे पक्षी जगतील का?"

विल्केन जरा घुटमळला. "धूर आहे थोडा. कपडे वाळत घातले की काळे होतात, एवढं खरं."

"मग माणसं काय करतात?"

"खोकतात," विल्केन म्हणाला, आणि तिघंही हसले. विल्केन एकटाच परत गेला.

लुडोल्फनं दोन हिवाळे जंगलात लाकडं तोडली आणि घरी पिंजरे केले. त्याची बोटं या कामाला फार जाड होती. त्याचे पिंजरे तिरके व्हायचे आणि डोरेटे ते मागच्या रांगेत लपवायची. मग इंजिनिअर लोक आले. एवढी खोल विहीर आयती खणलेली आहे, डोंगरातल्या तळ्याचं पाणी पाटानं दारापर्यंत येतंच आहे. ते आत सोडून खाली वीज करायची, असं ठरलं. खाली उतरायला तीच जुनी कला. तिच्यावर चालणारी, चक्कर न येणारी माणसं हवी होती. लुडोल्फला बोलावणं आलं तेव्हा तो करवत तिथेच टाकून गेला. दगड फोडायचा नाही, धूळ नाही. यंत्राला तेल द्यायचं, पाण्याच्या झडपा बघायच्या. घरी आल्यावर तो म्हणाला, "तोच अंधार आहे, पण आता त्यात दिवे आहेत."

मग युद्ध झालं. लुडोल्फचं वय उलटून गेलं होतं, त्याला कुणी नेलं नाही. पण पक्ष्यांचं बी येईना. माणसांनाच सलगम खाऊन दिवस काढावे लागत होते, तिथे कॅनरीला अंडं कोण देणार? समुद्रापलीकडचं गिऱ्हाईक तर पहिल्याच वर्षी तुटलं. डोरेटेनं पावाचा चुरा, गवताचं बी, काय काय करून बघितलं. युद्ध संपलं तेव्हा खोलीत नुसते पिंजरे उरले होते. तरीही ती रोज ती खोली झाडायची. बाहेर आली की घरात बसवत नसे. "कान दुखतात माझे," म्हणायची. "इतकं गप्प घर मी जन्मात ऐकलं नाही."

एक दिवस जेवताना तिनं दिव्याकडे बघितलं आणि म्हणाली, "मला ती वीज कुठे होते ते बघायचंय."

"खाणीत बाई उतरत नाही, डोरेटे. कधीच उतरलेली नाही."

"खाण बंद झाली. आता तो कारखाना आहे. कारखान्यात बायका जातात."

लुडोल्फनं घास चावता चावता विचार केला. त्याला यातली चूक काही सापडेना. त्यानं इंजिनिअरसाहेबांना भीत भीत विचारलं. साहेब तरुण होते. त्यांना हसू आलं, आणि ती पडली तर जबाबदारी तुझी, असं म्हणून त्यांनी होकार दिला.

शनिवारी सकाळी डोरेटे नवऱ्याची विजार घालून, कमरेला मागून खाणवाल्यांचं बसायचं कातडं बांधून, डोक्यावर घट्ट रुमाल गुंडाळून गल्लीतून निघाली. खिडक्याखिडक्यांतून डोकी बाहेर आली. पाद्रीबाबांच्या बायकोनं तर पडदाच ओढून घेतला.

"हसा, हसा," डोरेटे सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "तुमचा दिवा कुठून पेटतो ते बघून येते."

कलेच्या तोंडाशी मात्र तिनं लुडोल्फची बाही घट्ट धरली. पायाखाली काळोख, त्यातून पाण्याचा गार वास, आणि दोन दोर मुकाट्यानं वर-खाली होत असलेले. लुडोल्फ आधी उतरला. ती त्याच्या वरच्या पायरीवर चढली, मुठी आवळून दोर धरला, खाली गेली. पायरी थांबली. लुडोल्फनं शेजारी पाय टाकला. तिचा पाय हलेना. तिची पायरी पुन्हा तिला घेऊन वर गेली. मग खाली. मग वर.

"डोरेटे!" खालून आवाज आला. "पाय टाक! नाहीतर संध्याकाळपर्यंत अशीच झुलत बसशील!"

"मला घाई नाहीये!"

"अगं, मला कामावर हजर व्हायचंय!"

तो पुन्हा तिच्यापर्यंत चढून आला. "दोराकडे बघू नकोस. माझ्या टोपीकडे बघ. थांबली की म्हणतो 'आता'." आणि तो म्हणत गेला, "आता... आता... आता." ती पाय टाकत गेली. काही वेळानं त्याला कळलं, की आपण म्हणायच्या आधीच तिचा पाय पडतोय.

खाली यंत्रांचा एवढा गोंगाट होता की बोलणं शक्यच नव्हतं. डोरेटेनं सगळं नीट बघितलं, एका चकचकीत पितळी नळीवर बोट फिरवून धूळ आहे का पाहिलं, आणि समाधानानं मान डोलावली. लुडोल्फनं तेलपाणी उरकलं, मग तिला जुन्या बोगद्यात घेऊन गेला. दोन वळणं घेतल्यावर आवाज मागे राहिला. बोगदा इतका अरुंद की खांदे आडवे करावे लागत. भिंतीवर जुन्या माणसांच्या छिन्न्यांच्या रेघा होत्या, शेजारी शेजारी, नांगरटीसारख्या. डोरेटे त्यांवर हात ठेवून उभी राहिली.

"यातली एखादी तुझ्या आज्याच्या पणज्याची असेल," लुडोल्फ म्हणाला. "दिवसभर ठोकल्यावर चार बोटं पुढे सरकायची म्हणे."

मग त्यानं दिवा वर धरला. काळ्या पाटीच्या दगडातून तिरका वर गेलेला एक पांढरा पट्टा चमकला.

"ही शीर."

"ही? एवढीशी?"

"तुझ्या किटलीत चुना कसा बसतो? तसंच. डोंगराला तडे गेले, खालून कढत पाणी वर आलं, आणि जाता जाता दोन्ही भिंतींना चुना चिकटवत गेलं. त्या चुन्यात चांदी."

"म्हणजे चारशे वर्षं तुम्ही किटली खरवडत होता."

"असं म्हण हवं तर."

"मग मी तुला किटली घासायला सांगते तेव्हा का कुरकुरतोस?"

पुढे भिंतीत एक ओटा होता, बसून बसून गुळगुळीत झालेला. खाणवाले इथे भाकरी खायचे. लुडोल्फनं रुमालातून पाव आणि चीज काढलं. दोघं शेजारी शेजारी बसून जेवली. कुठेतरी थेंब पडत होता, तेवढाच आवाज.

"इथली शांतता बरी आहे," ती म्हणाली. "इथून काही गेलंय असं वाटत नाही."

"सगळं इथूनच तर गेलंय, बाई! गाड्याच्या गाड्या!"

डोरेटेला असं हसू फुटलं की हातातला पाव खाली पडला. लुडोल्फही हसला. बोगद्यातून ते हसू लांबवर गेलं आणि जरा उशिरानं परत आलं. युद्धानंतर ती अशी हसली नव्हती.

वर येताना तिनं त्याला 'आता' म्हणू दिलं नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात ती चालत पलीकडच्या गावी गेली. तिथल्या एका विधवेनं कसेबसे काही पक्षी जगवले होते. डोरेटेनं स्वतःचा लोकरीचा झगा दिला आणि एक जोडी घेऊन आली. मादी म्हातारी होती, नराचा गळा बेताचा. पण पुढच्या वसंतात खोलीत पिल्लांच्या चोची वाजू लागल्या, आणि तिसऱ्या वर्षी गल्लीतल्या बायका पुन्हा दाराशी थांबून ऐकायला लागल्या. बाबांच्या पक्ष्यांची सर नाही, असं डोरेटे स्वतःच सांगायची, आणि कुणी दुजोरा दिला की रागवायची.

लुडोल्फ निवृत्त झाला तो धडधाकट. हवापालटासाठी येणारे पाहुणे त्याला चांदीविषयी विचारायचे. तो ओंजळ करून दाखवायचा आणि लवकरच विषय बदलून, मुलीच्या घरच्या सॉसेजवर यायचा. सकाळी मात्र तो काठी आणि जुनं दाताळं घेऊन निघायचा तो थेट रेबर्ग डोंगरावरच्या पाटावर. तळ्याचं पाणी त्याच पाटानं खाणीकडे येतं. वारा सुटला की बीचच्या झाडांची पानं त्यात पडतात. लुडोल्फ ती काढून काठावर टाकत जायचा. कुणी सांगितलेलं नव्हतं. पाट बघायला पगारी माणूस होता.

"तू नाही काढलीस पानं तर काय होईल?" डोरेटेनं एकदा विचारलं.

"पाणी जरा रेंगाळेल."

"मग?"

"मग काय, पोचेल थोड्या वेळानं," असं म्हणून त्यानं टोपी घातली, दाताळं खांद्यावर टाकलं आणि जेवायला कितीला यायचं ते विचारून तो निघाला.